शिंपल्यांच्या हौदावरचा ब्रश

मी एक जुना काथ्याचा ब्रश आहे. डोक्याला टक्कल पडत चालले आहे, पाठीचे लाकूड एका कोपऱ्यात चिरले आहे. तरी मित्रांनो, सध्या माझ्या आनंदाला पारावार नाही. का, ते ऐका.

एका सुताराने लाकडाला भोके पाडली, त्याच्या बायकोने त्यांत काथ्या घट्ट ओवला आणि मी जन्मलो. शिंपल्या विकणाऱ्या मावशींनी मला घरी आणले. त्यांची रीत ठरलेली. खाडीतून आलेल्या जिवंत शिंपल्या खाऱ्या पाण्याच्या हौदात टाकायच्या, तिथेच घासायच्या आणि रात्रभर त्याच पाण्यात ठेवायच्या. शिंपल्या तोंड उघडून पाणी आत घेतात आणि वाळू बाहेर टाकतात. "दाताखाली कण आला तर माझ्याकडे परत आणा," असे त्या गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगत. मग मी हौदावरच्या खिळ्याला लटकल्या लटकल्या उगाच ताठ होत असे.

पुढे मावशींना फाटक्या नायलॉन जाळ्याचा एक निळा बोळा फुकटात मिळाला. तो भराभर घासायचा. मला कोणी विचारेना. माझ्यावर कोळिष्टके धरली. खरे सांगतो, त्या बोळ्याचा मला भारी राग यायचा.

मावशींची भाची पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिने इथल्या शिंपल्या नेऊन भिंगाखाली पाहिल्या, तर त्यांच्या पोटात प्लास्टिकचे बारीक निळे धागे! मावशींचा बहुतेक माल घेणाऱ्या खानावळवाल्याच्या कानावर हे गेले. तो दारात येऊन म्हणाला, "मावशी, राग मानू नका. पण खाडीच खराब झाली असेल, तर मला तुमचा माल बंद करावा लागेल."

मावशी मटकन खाली बसल्या. "अख्खी खाडी कुठे धुऊ गं मी?" त्या भाचीला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाचीने होडीतून नुकत्याच उतरवलेल्या, न धुतलेल्या शिंपल्या तपासायला नेल्या आणि संध्याकाळी धापा टाकत आली. "मावशी, यांच्यात प्लास्टिकचा एखाद-दुसरा कण आहे, पण निळा धागा एकही नाही! म्हणजे तुझ्या हौदातच..." बोलता बोलता तिचे लक्ष मावशींच्या हातातल्या बोळ्याकडे गेले. पाण्यावर निळी लव तरंगत होती.

"अगंबाई! म्हणजे मीच भरवत होते होय त्यांना!" मावशी म्हणाल्या आणि रडता रडता हसू लागल्या.

त्यांनी हौद उपसला, धुऊन काढला, ताजे पाणी भरले. बोळा गेला आणि मी खिळ्यावरून खाली उतरलो. माझेही केस गळतात, पण ते कुजून जातात. पुढच्या तपासणीत निळा धागा सापडला नाही. "उद्यापासून नेहमीसारखं पाठवा," असे खानावळवाला म्हणाला, तेव्हा मावशींनी मला छातीशी धरले. त्यांचा पदर ओला झाला, पण त्यांना त्याचे भान नव्हते.

मित्रांनो, तो एखाद-दुसरा कण मात्र माझ्या मनातून जात नाही. तो हौदातला नव्हता, खाडीतलाच होता. म्हणून तुटके जाळे, पिशवी, दोरी पाण्यात टाकण्यापूर्वी थोडे थांबा. आमचा हौद मावशींनी एका सकाळीत उपसला. खाडी कोणाला उपसता येत नाही.