जवळच्या व्यक्तीचा नंबर

कडूबा साळव्यांनी नऊ आकडे टाकले, दहाव्याआधी थांबले आणि सगळे एकेक करून पुसून टाकले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या, तो पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या आकड्यापासून परत सुरुवात केली.

समोर बसलेल्या अपेक्षाने टेबलाखाली मुठी आवळल्या. मदत करायची नाही, हा या कामाचा पहिला नियम होता. समोरचा माणूस चुकला तरी बोलायचं नाही. तो कुठे अडला तेवढं लिहून घ्यायचं. बाकी सगळं कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यात उतरत होतंच.

क्रांती चौकातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात ती चार दिवस हेच करत होती. कंपनीने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी मोबाइलचं ॲप बनवलं होतं. घरात पडलं, छातीत दुखलं, की लाल बटण दाबायचं. जवळच्या माणसाला फोन जायचा. ते ॲप अशा माणसांना खरंच वापरता येतं का, हे बघायला रोज तिघाचौघांना बोलावलं जाई. आतापर्यंतचे अकराही जण कुठे ना कुठे अडले होते. अक्षरं मोठी होती, पण त्यामुळे 'पुढे जा'चं बटण कीबोर्डखाली दडत होतं. तिने हे पहिल्याच दिवशी लिहून दिलं. तिचा साहेब शिवराज म्हणाला, होईल लोकांना सवय. अडलेली माणसं मात्र तिचीच माफी मागत. आता आमचं डोकं चालत नाही, म्हणत. नियमाप्रमाणे ती नुसती हसायची आणि घरी जाताना तिचे गाल दुखायचे.

कडूबांचं तसं नव्हतं. चिकलठाण्याच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं मशीन चालवलं होतं. तिने वाचून दाखवायच्या यादीतली पहिली पाच कामं त्यांनी तिचं वाचून होईपर्यंत उरकली. दडलेलं बटण त्यांनी कीबोर्ड खाली सारून शोधून काढलं आणि हे असं का ठेवलंय, म्हणून तिलाच विचारलं. असा माणूस सहाव्या कामाशी अकरा मिनिटं अडून बसला होता. काम सगळ्यात सोपं होतं. जवळच्या व्यक्तीचा नंबर टाकायचा.

"काका, काही दिसत नाहीये का?" हे विचारणंही नियमात बसत नव्हतं.

"दिसतंय की. समदं दिसतंय."

मग त्यांनी स्वतःचाच नंबर टाकला. ॲपने तो घेतला नाही. दुसऱ्या व्यक्तीचा क्रमांक द्या, अशी लाल ओळ आली. हे पान सोडून पुढे जायची सोयच नव्हती. अपेक्षाने कुठलाही नंबर टाका म्हणून सुचवलं, तर खोटा नंबर कसा टाकायचा, म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी फोन टेबलावर ठेवला. आपल्याला काय हे जमत नाय, तसं लिहून टाका, असं त्यांनी सांगितलं.

तिने पेन उचललं, पण लिहवेना. चार दिवसांत एक माणूस असा भेटला होता, की ज्याला सगळं येत होतं, आणि तोही दहा आकड्यांपाशी हात टेकत होता. बाहेरच्या बाकावर सारजाबाई नावाच्या पुढच्या बाई कधीच्या येऊन बसल्या होत्या. दाराच्या काचेतून शिवराजने दोनदा मनगटावरचं घड्याळ दाखवलं होतं.

"द्या इकडे," ती म्हणाली आणि तिने फोन ओढून घेतला. "ही नुसती चाचणी आहे, काका. मेसेज कुठेही जात नाही."

शिवराजने सोमवारी तसं सांगितलं होतं. तिने त्यांच्या फोनमधली नंबरांची यादी उघडली. दहा-बाराच नावं होती. सगळ्यात वरच्या नावापुढे चांदणी लावलेली होती. संघपाल.

"हे कोण?"

"पोरगा."

"मग हाच की," म्हणत तिने नाव दाबलं.

कडूबांचा हात फोनपर्यंत आला तोवर पडद्यावर ओळ उमटली होती. संघपाल यांना कळवले आहे. त्यांच्या होकाराची वाट पाहत आहोत.

"गेला का मेसेज?" त्यांनी विचारलं.

त्यांचा आवाज ऐकून ती उठलीच. शिवराज पॅसेजमध्ये उभा होता. मेसेज आज सकाळपासून चालू केलेत, तुला सांगायचं राहिलं, म्हणाला. वर, बरंच झालं, खरी माहिती मिळेल, असंही म्हणाला.

ती आत आली आणि मेसेज गेल्याचं तिने सांगून टाकलं. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. फोनकडे बघत, अडखळत, त्यांनी सांगितलं ते एवढंच. संघपाल पुण्याला कंपनीत होता. सहा वर्षांत बापलेकांचं एकदाही बोलणं झालं नव्हतं. त्याआधी एके दिवशी भामाबाईंच्या, म्हणजे कडूबांच्या बायकोच्या, छातीत दुखायला लागलं ते दुपारी दोनला. पोरगा ड्युटीवर असेल, उगाच कशाला घाबरवायचं, म्हणून कडूबांनी त्याला लगेच कळवलं नाही. दवाखान्यात नेलं. पाच वाजता त्या गेल्या. फोन केला तो त्यानंतर.

"तिच्या जलदानविधीच्या दिवशी मला म्हणला, दुपारी एक फोन नाय करता आला तुम्हाला? तवापासून बंद." त्यांनी टेबलावरचा फोन सरळ करून ठेवला. "त्याचं बी बरोबर हाय."

अपेक्षाने माफी मागितली. ती त्यांच्या कानावर गेली की नाही कुणास ठाऊक. लोकं उत्तर किती वेळात देतात, असं त्यांनी विचारलं. दोन-तीन मिनिटांत, ती अंदाजानेच म्हणाली आणि म्हणायला नको होतं असं तिला लगेच वाटलं.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. कडूबा खुर्चीवरून हलले नाहीत. तिने पाणी दिलं ते त्यांनी पिऊन टाकलं. शिवराजने दार उघडून, यांना सोडून पुढच्या बाईंना घे, म्हणून सांगितलं. चूक आपली आहे, हे संपेपर्यंत मी दुसरं कुणाला घेणार नाही, असं तिने त्याला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

चाळीस मिनिटांनी फोन थरथरला. संघपाल यांनी स्वीकारले आहे. बाकी एक शब्द नव्हता. पाठोपाठ फोन येईल म्हणून दोघं थोडा वेळ वाट बघत राहिली. आला नाही.

"ड्युटीवर आसंल," कडूबा म्हणाले. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

सातवं काम लाल बटण दाबायचं होतं. ते तिने वाचलंच नाही. आता एकच उरलं होतं. हे ॲप चाचणीपुरतं होतं. माणूस ऑफिसातून निघायच्या आधी त्याचं खातं बंद करावं लागे. कसं सांगावं ते तिला समजेना, म्हणून तिने सरळ सांगितलं. कडूबांनी मान हलवली. या वेळी तिने त्यांच्या फोनला हात लावला नाही. कुठे दाबायचं ते त्यांनीच शोधलं.

पडद्यावर एक चौकट आली. त्यांनी ती सावकाश, मोठ्याने वाचली.

"खाते बंद केल्यास संघपाल यांना, तुम्हाला जवळच्या व्यक्तींमधून वगळण्यात आले आहे, असा संदेश जाईल."

खाली दोन बटणं होती. त्यांनी अंगठा मागे घेतला.

अपेक्षा ताडकन उठली. हा मेसेज कुणी लिहिला, कुणी वाचून तरी बघितला का, हे तिला कुणाला तरी विचारायचं होतं. शिवराजकडून तो आत्ताच्या आत्ता बंद करून घेते, असं म्हणत ती दाराकडे निघाली.

"ऱ्हाऊ द्या, ताई," कडूबा म्हणाले. "आधी त्याला सांगावं लागंल. नाय तर परत म्हणंल, बापानं येळंवर सांगितलं नाय."

त्यांनी ॲप मागे सारलं आणि पाठ असलेले दहा आकडे न थांबता दाबले.

तिने कॅमेरा बंद केला, बाहेर आली आणि दार हळूच ओढून घेतलं. काचेतून बघितलं तेव्हा ते उभे राहिलेले दिसले. फोन कानाला होता. ते बोलत होते, की ऐकत होते, की नुसती रिंग जात होती, ते तिथून कळत नव्हतं.

बाकावरच्या सारजाबाईंनी पिशवी मांडीवर घेऊन तिच्यासाठी जागा केली.

"लई अवघड हाय का वो आत?" त्यांनी विचारलं. "तासभर झाला, मानूस बाहीर यीना."

"हो, मावशी," अपेक्षा म्हणाली. "जरा अवघड आहे."

आणि ती त्यांच्या शेजारी बसून राहिली.