बिशपच्या कचेरीतला बाक

राजा जॉर्जच्या काळी कॉल्डमिन्स्टरला बिशपची कचेरी कॅथेड्रलच्या वेशीवर होती. खालून गाड्या जात, वर कारकून बसत. बांधणाऱ्यांनी दगडी कमानींच्या छताखाली एकच दालन केलं होतं. पुढे कुणा काटकसरी माणसाला खोल्या दोन हव्या झाल्या आणि शेकोटी होती एकच, म्हणून त्याने मधे ओकच्या फळ्यांची भिंत घातली आणि ऊब पलीकडे जावी म्हणून तिच्या माथ्याला जाळी ठेवली. अलीकडे साक्षीदारांनी थांबायचं, पलीकडे एकेकाची जबानी घ्यायची. जबानी गुप्त राहावी असा कायदा होता. कायदा करणाऱ्यांनी छताला विचारलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या एकुलत्या एक बाकावर बसल्या बसल्या टॅम्सिनला ते कळलं. ती गार्लंडसाहेबांकडची मोलकरीण. आत त्यांची स्वयंपाकीण हेस्टर बोलत होती आणि तिचा शब्दन् शब्द कमानीवरून घरंगळत येऊन टॅम्सिनच्या कानात पडत होता. साहेब म्हणजे देवमाणूस, बाईसाहेबांवर कधी बोटही उगारलं नाही, असं हेस्टर सांगत होती. टॅम्सिन उठून खिडकीपाशी गेली, तर काहीच ऐकू येईना. परत बाकावर बसली, तर हेस्टरचा श्वाससुद्धा ऐकू आला.

हेस्टर धडधडीत खोटं बोलत होती. साहेबांनी दारात चेमटून बाईसाहेबांचा हात मोडला तेव्हा टॅम्सिन कोळशाची बादली घेऊन समोरच उभी होती. बाईसाहेब भावाकडे पळाल्या. वेगळं राहायची परवानगी हे चर्चचं कोर्टच देणार होतं आणि डोळ्यांनी पाहिलेली टॅम्सिन एकटी. ती गप्प बसली तर बाईसाहेबांना नवऱ्याच्या घरी परत जावं लागणार होतं. आपण खरं सांगू, असा निरोपही तिने त्यांना धाडला होता.

हेस्टर बाहेर येऊन खाली गेली, टॅम्सिनचं नाव पुकारलं गेलं, आणि त्याच वेळी जिन्यावर काठी वाजली. गार्लंडसाहेब वर आले.

"जा, टॅम्सिन. जे खरं ते सांग," ते म्हणाले. "मी इथंच बसलोय."

आणि ते त्याच बाकावर बसले. टॅम्सिनची पाचावर धारण बसली.

आत म्हातारे कारकून पेथरिक लेखणीला टोक काढत होते. घाबरू नकोस, इथलं बोलणं या खोलीबाहेर जात नाही, असं त्यांनी सांगितलं. बाहेर ऐकू जातं हो, असं ती पुटपुटली, तर ते हसले. ओकची भिंत आहे पोरी, म्हणाले. साऱ्या आयुष्यात त्या बाकावर बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. वर मोठ्याने बोल, मला कमी ऐकू येतं, ही ताकीद.

"बाईंचा हात मोडला तेव्हा तू काय पाहिलंस?"

टॅम्सिनने जाळीकडे पाहिलं. पलीकडे ती काठी होती, आणि रात्री परत त्याच घरात झोपायचं होतं.

"दार वाऱ्यानं आपटलं, साहेब," ती म्हणाली. बाकापर्यंत नीट पोचावं म्हणून तिने आवाज चढवला. "धन्यांनीच धावत येऊन बाईसाहेबांना सावरलं."

पेथरिकनी लिहिलं, वाचून दाखवलं, तिने खाली फुली मारली. ती दार उघडून बाहेर आली.

बाकावर बाईसाहेब बसल्या होत्या, वाकडा जुळलेला हात मांडीवर घेऊन. त्या भावाबरोबर मघाशीच आल्या होत्या आणि साहेबांनी लगबगीने उठून त्यांना जागा दिली होती. चारचौघांत त्यांच्याइतका सभ्य माणूस गावात नव्हता. ते खिडकीपाशी उभे होते. तिथे त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. टॅम्सिन काय बोलली असेल या भीतीने त्यांचाच चेहरा उतरला होता.

बाईसाहेब उठल्या आणि चांगल्या हाताने त्यांनी तिची शाल सारखी केली.

"घाबरलीस ना गं? मला कळतं ते," त्या म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. "दादा, माझी पेटी ह्यांच्या घरी पाठवून दे."

साहेबांना उमगायला जरा वेळ लागला. मग ते हसले, पुढे झाले आणि त्यांनी बायकोचं कोपर धरलं.

"चल," ते म्हणाले. "जिना अरुंद आहे. सांभाळून उतर."