मला पिशवी म्हणू नका

मी गच्चीवरची कापडी कुंडी बोलतेय. दोन हात लांब, हातभर रुंद. पिशवी म्हणालात तर पुढचं सांगणार नाही. पिशवीत सामान राहतं, माझ्यात मुळं राहतात.

माझा जन्म शिलाई मशीनवर झाला. माझ्या बाईने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. माझं जाडजूड कापड तिने पाणी ओतून पारखलं. खालून थेंब झिरपला तेव्हाच कात्री लावली. कडांना दुहेरी शिवण, उचलायला चार कान. सून म्हणाली, "आई, बाजारात तयार मिळतात की." बाई म्हणाली, "मिळतात. उसवतातही."

बाईचे गुडघे कुरकुरायचे, वाकणं बंद झालं होतं. म्हणून मला विटांवर चढवलं. स्टुलावर बसून तिचा हात थेट मातीत पोचायचा. पहिल्याच वर्षी मी असे टोमॅटो दिले की 'म्हातारीला खूळ लागलंय' म्हणणारे वाटी घेऊन वर यायला लागले.

दुसऱ्या वर्षी खालच्या मजल्यावरचे काका आले. त्यांच्या छताला ओल आली होती. म्हणाले, "वहिनी, तुमची ही पिशवी गळतेय. महिन्याभरात ओल थांबली नाही, तर गच्ची रिकामी करा."

बाईच्या हातच्या कामाला गळकं म्हटलेलं तिला कसं सोसावं? त्याच दुपारी तिने माझी माती उपसली, रेनकोटाचं उरलेलं कापड आतून अस्तरासारखं शिवलं आणि त्या वर्षीची वांग्याची रोपं पुन्हा लावली. कपड्याचं काही बिघडलं की अस्तर लावायचं, ही तिची जन्माची सवय. पण झिरपणं हा माझा दोष नव्हे, तो माझा श्वास आहे. थेंब पारखून मला शिवणारी बाई रागात तेच विसरली. मला तेव्हा कोणी विचारलं नाही.

पाणी आत तुंबलं. वांगी पिवळी पडली. पानं माना टाकतायत म्हणून बाई आणखी पाणी घाली. विसाव्या दिवशी तिने कोपरापर्यंत हात खुपसला आणि कुजकी मुळं बाहेर काढली. मग सुनेला म्हणाली, "माझंच चुकलं गं." हे शब्द त्या घराने पहिल्यांदाच ऐकले.

सून मात्र हुशार. म्हणाली, "आई, वीस दिवस हिच्यातून थेंब बाहेर पडला नाही. मग काकांची ओल सुकली का?"

दोघी खाली गेल्या. ओल वीतभर वाढली होती. काकांनी बोलावलेल्या प्लंबरने भिंत फोडली, तर टाकीच्या पाइपाचा सांधा गळत होता.

बाईने लगेच कात्री घेऊन माझं अस्तर टराटरा फाडलं. एवढ्या आनंदाने मी कधी फाटले नव्हते. संध्याकाळी काका चार विटा घेऊन वर आले. माफी वगैरे काही मागितली नाही. "वहिनी, कुंडी अजून थोडी उंच बसेल," एवढंच म्हणाले. 'कुंडी' म्हणाले, मी नीट ऐकलं.

आज मला पाचवं वर्ष लागलंय. रंग उडालाय, एका कानाला ठिगळ आहे, वांगी मात्र काळीभोर लगडलीत. तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघा. आणि तिच्यातून थेंब पडला तर लाजू नका. जिवंत आहे ती.