तीन पिशव्यांतला सरकारी गजर

मित्रांनो, मी भिंतीवरचा एक जुना गजर आहे. घड्याळातला नव्हे. तो रोज ओरडतो आणि रोज शिव्या खातो. मी फक्त घर गरम ठेवणाऱ्या कोळशाच्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड घरात शिरला तरच ओरडायचं, असं ठरलेलं आहे. या वायूला रंग नाही, वास नाही आणि कसली घाईही नाही. माझं वय सहा वर्षं अकरा महिने. आमच्यात सातव्या वर्षी म्हातारपण येतं. तारीख पाठीवर छापलेलीच असते, त्यामुळे वय चोरायची सोय नाही.

कारखान्यात माझ्या पोटात एक सेन्सर, एक बॅटरी आणि एक भोंगा बसवला. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला थोडासा वायू दिला. मी असा ओरडलो की त्यांच्या हातातला चहा सांडला. "पास," त्या म्हणाल्या. पुढची दोन वर्षं माझं कुणीही कौतुक केलं नाही, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवतो.

तिथून मी उशकुदुक गावात आलो. जिल्ह्याच्या कचेरीतल्या माणसाने आम्हाला पोत्यातून आणलं. बालझिया-आपांच्या, म्हणजे बालझियाताईंच्या, दारात त्याने माझ्या बॅटरीची पट्टी ओढली, माझा हिरवा दिवा लुकलुकला.

"इथे सही करा, आपा. सरकारी वस्तू आहे, नीट सांभाळा," असं म्हणून तो पुढच्या घरी गेला. मला कुठे लावायचं आणि कशासाठी, हे त्याने सांगितलं नाही. त्याला संध्याकाळपर्यंत चाळीस सह्या हव्या होत्या.

आपांनी मला नीट सांभाळलं. त्या घरात जे मोलाचं, ते प्लास्टिकमध्ये असे. टीव्हीचा रिमोट पिशवीत, सोफा आवरणात, लग्नातल्या कपबश्या कागद आणि प्लास्टिक दोन्हींत. मला दोन पिशव्या मिळाल्या, वर रबर. मग दारासमोरच्या भिंतीवर, जिच्याखाली फक्त मानाचे पाहुणे बसतात, तिथे शोभेला लावलेल्या गालिच्यावर मला टांगलं. शेजारी आपांच्या धाकट्या भावाचा फोटो होता. तोही प्लास्टिकमध्ये.

"मलापण एखादी पिशवी शिव," आपांचे यजमान साकेन म्हणाले. "म्हणजे या घरात माझी किंमत वाढेल."

"तुम्हाला पोतं लागेल," आपा म्हणाल्या.

दर शुक्रवारी पूर्वजांच्या नावाने सात पोळ्या तळून झाल्या की आपा मला, म्हणजे माझ्या पिशवीला, ओल्या फडक्याने पुसत. मी दिवा लुकलुकवत असे. त्यांना वाटे मी खूश आहे. होतोच की.

आता फोटोतल्या भावाबद्दल. ओरलबाय राजधानीत, अस्तानाला, सिनेटर होता. जनतेचं आरोग्य, सुरक्षितता आणि गिऱ्हाइकाची फसवणूक हे त्याचे विषय. शाळेतल्या दुधात पाणी किती, बागेतला झोपाळा कोणत्या साली रंगवला, सॉसेजमध्ये मांस आहे का, असले प्रश्न तो दर गुरुवारी सभागृहात उभा राहून सरकारला विचारी. प्रश्नाला तीन मिनिटं मिळत आणि सरकारने महिन्याभरात लेखी उत्तर द्यायचं असे. सॉसेजचा प्रश्न त्याने तीनदा विचारला होता. तिन्ही वेळा उत्तर आलं, मांस आलं नाही.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका दुपारी, तो बहिणीकडे जेवायला आला. बाहेर हिमवादळ होतं. आपांनी ऊब टिकावी म्हणून धुराड्याची झडप जरा लवकर, निखारे विझायच्या आतच लोटली. मग बेशबर्माकचं ताट आलं, रुंद शेवया आणि वर मांस. मेंढीचं डोकं मानाने ओरलबायपुढे ठेवलं. मानाचा पाहुणा म्हटलं की चार शब्द बोलायचे असतात. ओरलबाय उठला आणि जनतेच्या आरोग्यावर बोलू लागला.

दहाव्या मिनिटाला साकेन पेंगले. पंधराव्याला आपांनी भिंतीला डोकं टेकलं. ओरलबायला यात वावगं काही दिसलं नाही. मित्रांनो, त्याची बारा वर्षं सभागृहात गेली होती. तो बोलायला लागला की माणसं झोपतात, ही गोष्ट त्याने केव्हाच मनावर घेणं सोडलं होतं.

मी भिंतीवरून सगळं बघत होतो आणि दिवा लुकलुकवत होतो. मला काहीच कळलं नाही. माझ्या पिशवीतली हवा फार चांगली होती.

एवढ्यात शेजारची काम्शात आली. गावचा पूल खचला होता आणि सिनेटर परत जायच्या आत तिला ते त्याच्या कानावर घालायचं होतं. तिने दार उघडलं. साकेन झोपलेले, आपा झोपलेल्या. तिला नवल वाटलं नाही. मग तिला ओरलबाय दिसला. तो मेंढीच्या डोक्याशेजारी डोकं ठेवून ताटात पडला होता.

"अगं बाई," काम्शात म्हणाली. "ऐकणारे झोपले ते ठीक आहे. बोलणारा कसा झोपला?"

ती धावली. खिडकी फोडली, झडप उघडली आणि तिघांना एकेक करून बर्फात ओढत नेलं. साकेन शुद्धीवर आले तेव्हा म्हणाले, "संपलं का भाषण?"

दोन दिवस दवाखान्यात काढून तिघंही वाचले. ओरलबाय मला न्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता.

"हा ओरडला का नाही, आपा? हाच माझा गुरुवारचा प्रश्न."

"थांब जरा," आपा म्हणाल्या. "राजधानीत जायचंय त्याला." आणि त्यांनी मला तिसरी पिशवी घातली, नवीकोरी.

गुरुवारी ओरलबायने मला सभागृहात उंच धरलं. "हे यंत्र माझ्या बहिणीच्या घरात गप्प बसलं! असली यंत्रं किती घरांत आहेत?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिशव्या कुणालाच दिसल्या नाहीत. तिथल्या प्रत्येकाच्या घरी रिमोट पिशवीतच असतो. प्लास्टिक ही आमच्याकडे दिसायची गोष्टच नाही.

सभागृह खडबडून जागं झालं. ओरलबायच्या प्रश्नाने असं प्रथमच झालं होतं. मला तपासणीला पाठवलं आणि खबरदारी म्हणून आमच्या जिल्ह्यातले सगळे गजर परत गोळा करायचा हुकूम सुटला. वाटायला दोन वर्षं लागली होती. तीनशे बारा घरांतले गजर तीन दिवसांत पोत्यांत परत गेले. भट्ट्या मात्र घरांतच राहिल्या.

तिसऱ्या आठवड्यात मी पत्रासह ओरलबायच्या टेबलावर आलो. आपांच्या घरी गेल्यापासून पहिल्यांदाच अंगावर काही नव्हतं, मला संकोच वाटत होता. पत्रात एकच ओळ होती: आवरणे (तीन) काढल्यावर यंत्र तात्काळ वाजले. ओरलबायने ती चारदा वाचली आणि फोन लावला.

"आपा, त्या गजरावर पिशव्या होत्या?"

"होत्या म्हणजे काय! धुतलेल्या होत्या. तू पण राजधानीत जाताना कोट घालतोसच की."

"आपा, पिशवीत वायू शिरत नाही. त्याला कळणार कसं?"



"म्हणजे मीच," आपा म्हणाल्या. "माझ्यामुळे आपण तिघंही गेलो असतो."

"तसं नाही, आपा..."

"तसंच आहे. ओरल, हे तिथे बोलू नकोस. माझं राहू दे, तुझं नाक कापलं जाईल." मग त्या थांबल्या. "पण काम्शातचा गजर नेलाय रे. तिच्याकडे नातवंडं आहेत आणि सकाळपासून वारा सुटलाय, धूर घरात उलटा येतो. तिचा उघडाच असायचा, स्वयंपाकघरात, तेलकट. मी तिला नावं ठेवायची, हिला वस्तू ठेवता येत नाही म्हणून. मागच्या हिवाळ्यात दोनदा ओरडला होता तिचा."

"मग मी काय करू?"

"मला विचारतोस? विचारायचा पगार तुला मिळतो." आपांनी नाक ओढलं. "सांग तिथे. माझं नाव घालून सांग."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. ओरलबाय उभा राहिला. "माझा प्रश्न सिनेटर ओरलबाय यांना आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "कोणाला?"

"मला. यंत्र न उघडता ते बिघडलंय असं मी इथे कसं म्हणालो? पिशव्या मला का दिसल्या नाहीत? आणि आज तीनशे बारा घरं कुणाच्या भरवशावर भट्टी पेटवताहेत?"

मागून कुणीतरी हसलं.

"पिशव्या माझ्या बालझिया-आपाने घातल्या," ओरलबाय म्हणाला. "तिला वस्तू दिली, सही घेतली आणि सांभाळा म्हणून सांगितलं. तिने सांभाळली. हसणाऱ्यांनी आधी आपल्या घरचा रिमोट आठवावा."

हसू थांबलं. अध्यक्षांनी स्वतःच्या टेबलावरचा पिशवीतला रिमोट हळूच कागदाखाली सरकवला.

"नियमाप्रमाणे महिन्याभरात लेखी उत्तर द्या," ते म्हणाले. "ते समाधानकारक नसेल, तर पुन्हा प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकार आहे."

"माहीत आहे," ओरलबाय म्हणाला. त्याची तीन मिनिटं संपायला अजून एक मिनिट होतं. ते त्याने प्रथमच परत केलं.

शुक्रवारी, हुकूम रद्द करवून, तो गजरांची पोती गाडीत घालून उशकुदुकला आला. आधी काम्शातकडे. तिने भट्टी विझवून टाकली होती. गजर नाही तर आग नाही, असा तिचा साधा हिशोब. नातवंडं कोट-टोप्यांत गुंडाळून एका पांघरुणाखाली बसली होती, नाकं लाल. ओरलबायने स्वतः खिळा ठोकला, गजर लावला, भट्टी पेटवली आणि झडप उघडी आहे ना ते दोनदा पाहिलं.

"उपकार झाले, ओराके," काम्शात आदराने त्याचं नाव छोटं करत म्हणाली. "आता पुलाचं काय?"

महिन्याने ओरलबायने स्वतःला उत्तर लिहिलं. वाचून त्याला ते असमाधानकारक वाटलं, म्हणून त्याने पुन्हा प्रश्न विचारला. हा पत्रव्यवहार अजून चालू आहे. त्यामुळे दर हिवाळ्यापूर्वी एक माणूस घरोघरी येतो आणि गजर कुठे लावायचा ते दाखवतो. सही मागत नाही.

मी आपांच्या स्वयंपाकघरात आलो. मानाची जागा गेली, अंगावर तेल चढलं. तिसऱ्या हिवाळ्यात साकेननी झडप लवकर लोटली आणि मी ओरडलो. आपा पिठाच्या हातांनी धावत आल्या, झडप उघडली, दार उघडलं, साकेनना बाहेर काढलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बस, मेल्या, ऐकलं!" तपासणीच्या टेबलावरच्या त्या बाईंनंतर माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्या पाठीवरची तारीख पुढच्या महिन्यात संपते. माझ्या जागी नवा येईल. म्हातारी वस्तू जाताना सांगते, मला सांभाळा. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या घरात जीव वाचवणारी जी काही वस्तू असेल, तिला मळू द्या, तेलकट होऊ द्या, तिच्या आवाजाने तुमचा चहा सांडू द्या. नव्या गजराचं प्लास्टिक त्याच दिवशी काढा.

आपांनी ती तिसरी पिशवी धुऊन ठेवली आहे. कपाटात कपबश्यांशेजारी माझी जागाही केली आहे. आता ती मला खुशाल घाला.