फौजीबाबाचा दिवा

दर गुरुवारी एडवणच्या सुरूच्या बनात मुंगीला शिरायला जागा नसायची. केळव्याहून, माहीमहून, थेट बोईसरच्या कारखान्यांतून माणसं यायची आणि हात जोडून उभी राहायची. कुणासमोर? तर एका लष्करी ट्रकसमोर! लिलावात भंगार म्हणून निघालेला जुनापुराणा ट्रक, हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेला, बॉनेटवर झेंडूच्या माळा. तो आणला रामकिसनने. पूर्वी हा गृहस्थ ड्रायव्हर होता. आता खाकी सदरा आणि गळ्यात रुद्राक्ष घालून फौजीबाबा झाला होता.

"बगा रे बगा!" बाबा बॅटरीची पेटी उघडून दाखवायचा. "आत काय हाय? नारळ! बॅटरी हाय का? नाय! सरहद्दीवर ह्याच गाडीत एक जवान गेला. त्याचा आत्मा अजून ड्यूटीवर हाय. बोला, जय जवान!"

चेला पुढून हँडल मारून केबिनमध्ये चढायचा, इंजिन धडधडायचं आणि पुढचा दिवा मिणमिणता पेटायचा. जयघोष वाढला की दिवा लख्ख व्हायचा. आता केबिनमध्ये चेल्याचा पाय त्याच वेळी कुठल्या पेडलवर असतो, हे बघायची बुद्धी एवढ्या गर्दीत कुणाला होणार? वर गॅरेजवाला अंकुश शपथेवर सांगायचा, "मी रोज गाड्या खोलतो. बॅटरी काढली की वीज बनतच नाय. हा चमत्कारच हाय." मेकॅनिकच असं म्हणतो म्हटल्यावर विषय संपला.

मग आजाऱ्याला केबिनमध्ये बसवायचं, हातात दोन पितळी मुठी द्यायच्या. बाबा मंत्र पुटपुटायचा आणि अंगातून असा झटका जायचा की माणूस किंचाळायचा. पीडा गेली!

बोईसरच्या एकनाथला या सगळ्याचं हसू आलं असतं, पण त्याची बहीण नलू एडवणला दिलेली होती. नलूला फिट यायच्या. पालघरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. सासूने, हिराबाईने, त्या बंद करवल्या आणि तिला मुठी धरायला बसवलं. नलू बिचारी तांदळाच्या डब्यात गोळ्या लपवून चोरून घ्यायची.

पावसाळाभर ट्रक ताडपत्रीखाली उभा होता. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी इंजिन धडधडलं, जयघोष झाला, पण दिवा काही पेटेना. बाबाला घाम फुटला. मग तो गरजला, "कुणीतरी लपून दवा खातंय! जवान रुसलाय!" त्याच संध्याकाळी हिराबाईला तांदळात गोळ्या सापडल्या. सारं गाव नलूच्या दारात येऊन उभं राहिलं.

नलूचा फोन आला तेव्हा एकनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोईसरला तो मुलांना मोटारीचं वायरिंगच शिकवत असे. पुढच्या गुरुवारी तो बॅटरी, मीटर आणि पाने घेऊन बनात हजर झाला.

"दिवा माझ्या बहिणीमुळे नाही विझला. जनरेटर बिघडलाय. सगळ्यांसमोर तपासून दाखवतो. मंजूर?"

"बगा की!" बाबा लगेच म्हणाला. एकनाथला त्याचं नवल वाटलं. खरं तर नवल वाटायला नको होतं.

त्याने जनरेटरचा पट्टा सोडवला, वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे पुसून बसवले आणि बॅटरीच्या तारा जोडल्या. जनरेटर विजेच्या मोटारीसारखा गरगर फिरला.

"म्हणजे आतली गुंडाळी ठीक आहे," तो मोठ्याने म्हणाला. "आता ऐका. हल्लीच्या गाड्यांना सुरुवातीला बॅटरी लागते, अंकुशभाऊ म्हणतात ते बरोबर. पण हा जुना डायनामो. ह्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. त्यावर तो आपली वीज आपण बनवतो. डिझेल इंजिनाला ठिणगीसुद्धा लागत नाही. पडून राहून ते चुंबकत्व गेलंय, एवढंच."

सीटखालून एक तार निघाली होती. ती बाबाच्या पायाखालच्या चटईपर्यंत गेली होती. एकनाथने चटई उचलली. खाली दारावरच्या घंटीचं बटण होतं.

"आणि हा तुमचा झटका! ह्या बटणाने गुंडाळीतला प्रवाह एकदम तोडला की क्षणभर जोराची वीज उसळते आणि मुठींत येते. मुठी धरा, अंकुशभाऊ."

एकनाथने गुंडाळीला बॅटरीची तार लावली आणि खटकन काढली. अंकुश उडालाच. मुठी सोडून तो भक्तिभावाने म्हणाला, "आयला, शक्ती तर खरी हाय!"

एकनाथने कपाळावर हात मारला. मग त्याने गुंडाळीच्या टोकाला बॅटरीची तार क्षणभर टेकवली, लोखंडाला चुंबकत्व दिलं, पट्टा चढवला, सगळ्या तारा नीट जोडल्या. बॅटरी उचलून दूर ठेवली. हँडल फिरलं. दिवा पेटला, पहिल्यापेक्षा लख्ख.

एकनाथला वाटलं, जिंकलो.

"पेटला!" हिराबाई ओरडली. "सकाळीच सुनेनं गोळ्या खाडीत टाकल्या. जवान पावला!"

"अहो, मी आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत..." एकनाथने जनरेटरची एक बारीक तार उपटली. दिवा विझला. परत लावली, पेटला. "हा बघा तुमचा जवान!"

"देवाला सतावू नको रे," मागून कुणीतरी कळवळून म्हणालं.

बाबाने पुढे होऊन एकनाथच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. "जवानानंच ह्याला बोलावलं! बोला..." गर्दी बोलली. अंकुश सगळ्यांत मोठ्याने बोलला.

एकनाथने हार काढून फेकला. तोवर हिराबाईने नलूला केबिनमध्ये बसवलं होतं. केबिनजवळ जाऊन त्याने खिशातलं गोळ्यांचं नवं पाकीट नलूपुढे धरलं. "असं एकदम बंद करायचं नसतं गं. जिवावर बेतेल. घरी चल."

नलूने पाकिटाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. हात मांडीवरून हलला नाही. मग अगदी हळू तिने विचारलं, "दादा, तू नसतास आला, तर दिवा बंदच राहिला असता ना?"

हिराबाईने सुनेच्या हातात मुठी दिल्या, बाबाने चटई सारखी करून तिच्यावर पाय दाबला, आणि एकनाथने स्वतः जोडलेल्या तारांतून झटका गेला. नलू किंचाळली. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

बाबांनो, त्या बनातला दिवा अजून पेटतो. तिथे गेलात तर हात जोडण्याआधी जनरेटरची ती बारीक तार तेवढी काढून बघा. दिवा विझला तर घरी या, आणि आजाऱ्याची गोळी आजाऱ्याच्या हातात द्या. एकनाथच्या खिशात पाकीट अजून तसंच आहे, न फोडलेलं.