डावा पाय कुणाचा

आमच्या यांचा डावा पाय सासूबाईंनी दिला की मी घडवला, यावरून घरात जे रण माजलं ते शेवटी फुटबॉलच्या मैदानात जाऊन मिटलं. मिटलं म्हणजे माझ्या बाजूने मिटलं. वन्सं वेगळं सांगतील. त्यांना सांगू द्या.

हे एके काळी फुटबॉल खेळायचे. चेंडू पायात आला की गरगर फिरत असे काही निसटायचे की अडवायला आलेले दोघे एकमेकांवरच आपटायचे. म्हणून सगळे यांना भोवरा म्हणत. आता हा भोवरा पोट सांभाळत आमच्या लाँड्रीच्या गल्ल्यावर बसतो आणि गिऱ्हाइकांना जुने गोल सांगतो. गोल तेच असतात, फक्त दरवेळी थोडे आणखी लांबून मारलेले असतात.

तर त्या दिवशी क्लबचा सेक्रेटरी आला. हा पेशाने दातांचा डॉक्टर. सगळा जन्म तोंडं वासून बसलेल्या माणसांशी बोलण्यात गेल्यामुळे समोरचं माणूस उत्तर देऊ शकतं हे याच्या ध्यानातच येत नाही. इस्त्रीच्या टेबलाला टेकून म्हणाला, "आनंदाची बातमी! मैदानाच्या दरवाज्याला भोवऱ्यांचं नाव द्यायचं ठरलंय. वर मोठा बोर्ड. मोठ्या अक्षरांत नाव, आणि खाली दोनच शब्द, 'उपजत खेळाडू'. रविवारी पेंटर येतोय."

"उपजत म्हणजे?" मी विचारलं. अर्थ मला ठाऊक होता. त्याला ठाऊक आहे का ते बघत होते.

"म्हणजे जन्मतःच. आईच्या पोटातून घेऊन आलेला."

झालं. आतल्या खोलीत बटणं लावत बसलेल्या वन्सं सुईदोऱ्यासकट बाहेर आल्या. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. लाँड्रीत आलेले उसवलेले कपडे शिवतात, आणि मी धड शिवलेलं असेल ते उसवतात.

"अगदी बरोबर बोललात डॉक्टर! आमच्या आईचे पाय अस्सेच होते. दादाचा पाय म्हणजे आमच्या घराण्याचा पाय."

सासूबाईंचे पाय मी पाहिलेत. ते पलंगावरून खाली उतरलेले फारसे पाहिले नाहीत.

आता माझं दुखणं सांगते. लग्न होऊन मी आले तेव्हा लाँड्रीत मशीन नव्हतं. ब्लँकेटं, जाड पडदे, सगळं मागच्या हौदात साबणाच्या पाण्यात टाकायचं आणि पायांनी तुडवायचं. ते काम यांचं. यांची तुडवायची तऱ्हा म्हणजे हौदात उभं राहायचं आणि उभ्या उभ्या डुलकी काढायची. मी काठावर उभी राहून ओरडायची, "अहो, पाय उचला!" उजवा उचलला की डावा झोपायचा, म्हणून मी सगळा जोर डाव्यावर लावला. ओलं ब्लँकेट कसा पाय धरून ठेवतं ते ज्याने तुडवलंय त्यालाच विचारा. त्यातून ज्याने रोज सकाळी पाय सोडवून घेतला, त्याला दुसऱ्याच्या तंगड्यांतून चेंडू सोडवायला कितीसा वेळ लागणार? तो पाय मी ओरडून ओरडून घडवलाय. आणि बोर्डावर लिहायचं 'उपजत'! म्हणजे घसा माझा बसला आणि मान सासूबाईंच्या फोटोला.

"'मेहनती खेळाडू' लिहा," मी म्हणाले.

डॉक्टरने दाढ किडलेली दिसावी तसा चेहरा केला. "वहिनी, मेहनती म्हटलं की लोकांना वाटतं, बिचाऱ्याने गोल कमी मारले असतील."

"आणि मेहनत काय, कुणीही करतं," वन्सं म्हणाल्या.

"कुणीही करतं? मग तुम्ही कधीपासून सुरू करताय?"

"ऐकलंस ना दादा? हे असं बोलतात मला!"

दादा गल्ल्यावरून म्हणाले, "बोर्डावर फोटो नाही का लावणार?"

शेवटी वन्संनीच डोकं चालवलं. "दादाने कित्येक वर्षांत चेंडूला पाय लावलेला नाही. रविवारी सगळ्यांसमोर एक पेनल्टी मारू दे. अंगात जन्मापासून असेल ते कुठं जात नाही, गोल होणारच. आणि नुसती मेहनत असेल तर एव्हाना गंजली असेल, हुकेल."

"वा! गोल झाला तर उपजत, हुकला तर मेहनती!" डॉक्टरने टाळी वाजवली.

"ठरलं," मी म्हणाले. तिथंच फसले.

इस्त्री फिरवताना ध्यानात आलं की मला जिंकायचं तर माझ्या नवऱ्याने चारचौघांत तोंडावर पडायला हवं. बरं, मनाचा हिय्या करून ठरवलं, पडू दे. जिने जन्मभर यांना अंथरुणातून खेचून काढलं ती मी आता सकाळी यांच्या अंगावर पांघरूण घालायला लागले. "झोपा हो, काही घाई नाही." ते इतके घाबरले की म्हणाले, "मला काही आजार झालाय का? डॉक्टर काय बोलला तुला?"

आणि इकडे वन्सं! एके दिवशी मागच्या अंगणात गेले तर काय, मोज्यांचा चेंडू करून भावाला भिंतीवर मारायला लावत होत्या.

"वन्सं, हा सराव चाललाय का?"

"छे, सराव कुठला! दादाच्या आत जे आहे ते बाहेर काढतेय."

"काढा काढा. धाप तेवढी बाहेर आलेली दिसतेय."

रविवार उजाडला. मैदानाच्या दरवाज्याला खाली एक लोखंडी पट्टी आहे, घोट्याइतकी उंच. तिला अडखळल्याशिवाय आजवर कुणी आत गेलेलं नाही. डॉक्टर अडखळला, हे अडखळले, वन्सं माझ्या अंगावर आल्या. वर शिडीवर पेंटर बसला होता. 'भोवरा' लिहून झालं होतं, खाली जागा मोकळी. डॉक्टरने मान वर करून त्याला बजावलं, "मैदानातून मोठ्याने ओरडून सांगतील. ऐकू आलं की लगेच लिहून टाक. नाव द्यायच्या कार्यक्रमाच्या आत रंग वाळला पाहिजे."

गोलात बेकरीवाला उभा होता. एके काळचा यांच्याच संघाचा गोली. आता गोल अडवायला त्याने हलायची फारशी गरज नव्हती, अंगानेच निम्मा झाकलेला होता.

हे चेंडूपाशी जाऊन उभे राहिले. कमरेवर हात. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "भोवरा गेला, आता भोपळा उरला!" सगळे हसले. तो मेला ओरडला तिथवर ठीक होतं, पण वन्संच्या शेजारची बाईसुद्धा हसली आणि माझं डोकं फिरलं. माझ्या नवऱ्याला भोपळा म्हणायचा हक्क माझा आहे, गावाचा नाही.

हे धावले. धावले म्हणजे निघाले. चेंडूपाशी पोचता पोचता तो डावा पाय जमिनीवरून फरफटायला लागला. मला तो पाय पाठ आहे. झोपला होता. आणखी एक पाऊल, आणि बूट चेंडूच्या आधी मातीत रुतणार, हे पडणार, मी जिंकणार.

माझ्या तोंडून जे निघालं ते मला विचारून निघालं नाही.

"अहो, पाय उचला!"

पाय असा वर आला! चेंडू एकीकडे गेला आणि यांच्या पायातला बूट सुटून दुसरीकडे. बेकरीवाल्याने बुटावर झेप घेतली आणि तो छातीशी घट्ट कवटाळून पडला. चेंडू सावकाश लोळत लोळत जाळ्यात गेला.

"उपजत!" वन्संनी किंकाळी फोडली. "बघा, घराण्याचा पाय!"

"कसला घराण्याचा? मी ओरडले म्हणून उचलला!"

"काहीतरीच बोलता वहिनी. ओरडून कुठे पाय उचलला जातो?"

"जातो," बेकरीवाला आडवा पडल्या पडल्या म्हणाला. "मीसुद्धा उचलला. दोन्ही एकदम. म्हणून तर पडलो."

डॉक्टर गडबडला. "पण ठरल्याप्रमाणे गोल झाला, म्हणजे उपजत... भोवरे, तुम्हीच सांगा बुवा काय ते."

हे एका पायात बूट घालून धापा टाकत होते. म्हणाले, "डॉक्टर, उपजत म्हणाल तर मला झोप आहे. आईकडून आलेली. बाकी पायाचं काय ते हिच्या आवाजाला भिऊन." आणि गवतावर बसून बेकरीवाल्याला म्हणाले, "बूट दे रे."

वन्संचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी तो सावकाश, पोटभर पाहिला. मग यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाने माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं, आणि केलं तेही बुटाची वाट बघत.

"चला तर, 'मेहनती'च लिहू," असं म्हणत डॉक्टर दरवाज्याकडे गेला आणि जागच्या जागी थिजला. पेंटर हात पुसत शिडीवरून उतरत होता. आवाज ऐकू आला की लगेच लिही म्हणून सांगितलेलं. अख्ख्या मैदानात त्याच्यापर्यंत पोचणारा आवाज एकच होता. बोर्डावर ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं:

भोवरा
अहो, पाय उचला!

"पुस आधी ते!" डॉक्टर ओरडला. तोवर कार्यक्रमाची माणसं यायला लागली होती. येणारा प्रत्येक जण वर बघायचा, वाचायचा, आणि निमूट पाय उचलून पट्टीवरून आत यायचा. एकही अडखळला नाही. डॉक्टरने आत येणारे पाच-सहा जण मोजले. मग त्याने शिडी बाजूला करून ठेवली. बोर्ड अजून तसाच आहे.

वन्सं मात्र तत्त्वाच्या पक्क्या. "कुणाच्या सांगण्यावरून मी पाय उचलणार नाही," म्हणतात, आणि दर सामन्याला त्या पट्टीवर धडपडतात. मी शेजारीच असते. हात देऊन उठवते. घराण्याचा पाय आहे, जपायला नको?