तिवईच्या पायाखालचं लिटर

मी एक जुनं माप आहे, मित्रांनो. दुधाचं, एक लिटरचं. मला बोलता येत असतं, तर कामरगावच्या भिवाजीला मी केव्हाच चार शब्द सुनावले असते!

आमचं मूळ फ्रान्सचं. तिथेही गावागावाची मापं निराळी आणि भांडणं रोजची. शेवटी सव्वादोनशे वर्षांपूर्वी शहाण्या माणसांनी ठरवलं: दहा सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच डबा घ्या, त्यात मावेल ते एक लिटर. 'लित्राँ' नावाच्या तिथल्या जुन्या मापावरून आम्हाला नाव मिळालं.

चाळीस वर्षं भिवाजीने माझ्यानेच घरोघर दूध घातलं. लोक म्हणायचे, "भिवाजीचं माप म्हन्जे माप!" मी फुलून जायचं. पुढे म्हशी विकल्या, माझा दांडा तुटला. माठाच्या तिवईचा एक पाय मोडला, तेव्हा या गृहस्थाने मला उलटं करून त्याखाली सारलं. चार वर्षं मी मातीत तोंड खुपसून होतं.

परवा त्याच्या दोन वर्षांच्या नातीला, स्नेहाला, जुलाब सुरू झाले. पोर पार मलूल झाली. गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई साधना मीठ-साखरेचं पाकीट घेऊन आली. "पुरं पाकीट, उकळून गार केलेल्या एक लिटर पान्यात. मोजून बरं!"

पाणी उकळून गार झालं, तसा भिवाजीने त्यातून गडवा, म्हणजे घरातला तांब्या, भरला. "हा गडवा म्हन्जे बरोब्बर लिटर. माह्या हाताले कयते. मले कायले शिकवून राह्यली?"

कपाळ माझं! तो गडवा जेमतेम पाऊण लिटरचा, हे त्या घरात फक्त मला ठाऊक.

साधनाने पाकीट फोडलं नाही. "पानी कमी पडलं तं मीठ जास्त होते, बाबा. लेकराले बाधते. तुमचं माप कुठी हाय?"

"तिवईखाली," स्नेहाची आजी वच्छला म्हणाली.

मला ओढून काढलं, घासलं, गरम पाण्याने धुतलं. साधनाने गडवा माझ्यात रिकामा केला. वर चांगली दोन-तीन बोटं जागा उरली. भिवाजीने वाकून आत पाहिलं. अरे बाबा, हात तुझा होता, लिटर माझं होतं!

पाणी पुरतं भरलं, मगच पाकीट पडलं. स्नेहा घोट घोट प्याली. दुसऱ्या दिवशी तिने भाकर मागितली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, अंदाज वरणाला चालतो, औषधाला माप लागतं. ते हाताशी ठेवा. भिवाजीने आता मला फळीवर ठेवलंय आणि तिवईखाली वीट लावलीय. ती वीट चार वर्षं दारातच पडलेली होती. दारातच!